पडद्याआधीची चित्रकथा

अ‍ॅप बनवायचं म्हटलं की बहुतेक जण बटणं आणि रंगांपासून सुरुवात करतात. प्रवाशांना लोकांच्या घरी मुक्कामाची सोय करून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीच्या ब्रायन चेस्की यांनी मात्र आधी चित्रं काढून घेतली. वॉल्ट डिस्नेच्या चरित्रात त्यांना स्टोरीबोर्ड भेटला. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) आखताना प्रसंगांची रेखाटनं ओळीने लावलेली असत, तोच हा स्टोरीबोर्ड. त्याच धर्तीवर त्यांनी पिक्सारच्या एका चित्रकाराकडून पाहुण्याचा आणि यजमानाचा सगळा प्रवास चौकटी-चौकटींत रेखाटून घेतला.

असा एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पाहुणा बॅग घेऊन परक्या दारात उभा आहे, बेल वाजवली आहे, आत कोण असेल याची धाकधूक आहे. चौकटी शेजारी-शेजारी लागल्यावर ध्यानात आलं, की महत्त्वाचे क्षण संगणकासमोर घडतच नाहीत. ते वाटेत आणि दाराशी घडतात. मग कंपनीने मोबाइलवर भर दिला.

मला ही पद्धत फार मोलाची वाटते. नुसतं ‘वापरकर्ता’ म्हटलं तर चेहरा दिसत नाही. रात्री अकराला, बॅटरी संपत आलेला फोन हातात धरून गल्ली शोधणारा माणूस दिसला, की पत्ता आणि यजमानाचा नंबर सर्वांत वर का हवा, हे डिझायनरला वेगळं सांगावं लागत नाही.