पाठीवर सॅक, पायाखाली वर्धा

वर्धा म्हटलं की चरखा आठवतो, सेवाग्राम आठवतं, मे महिन्यातलं पंचेचाळीसच्या पुढचं ऊन आठवतं. डोंगर कुणालाच आठवत नाही. पण आर्वी, कारंजा (घाडगे) तालुक्यांच्या उत्तर अंगाला सातपुड्याचे फाटे उतरले आहेत आणि जुन्या इंग्रजी गॅझेटियरने तिथल्या माथ्यांची उंचीही नोंदवून ठेवली आहे: मालेगाव १,७२६ फूट, नांदगाव १,८७४ आणि जैतगड २,०८६. सह्याद्रीवाले हसतील, कारण त्यांच्याकडे ५,४०० फुटांची कळसूबाई आहे. हसू द्या. त्यांच्या ट्रेकच्या वाटेवर सहसा वाघाचे ताजे ठसे नसतात.

इथे भटकायचं ते थंडीत. थंडी? आणि विदर्भात? हो. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता सूर्य मावळला की थेट वर निघून जाते. मुंबईकडची दमट हवा ती अडवते, इथे अडवायला कुणी नाही. म्हणून दुपारी टी-शर्टवर चढणारा माणूस पहाटे कानटोपी शोधत असतो.

उंचावर गार, हे शाळेतलं गणित रात्री उलटं फिरतं. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरायचे, या हिशेबाने वर्धा शहर आणि जैतगडात अडीच अंशांचा फरक पडायला हवा. पण वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नाल्यात साचते. माथ्यापेक्षा नाल्याकाठीच जास्त हुडहुडी भरते. वाळूचा मऊ पट्टा बघून तिथे तंबू ठोकणाऱ्याला हे पहाटे चारला कळतं. वर थोडं चढून उतारावरची सपाटी शोधलेली बरी.

आणखी एक गंमत, तीही कापसाच्या जिल्ह्यातली: चढताना कापूस अंगाला लावू नका. सुती बनियन घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही आणि थांबलात की गारठवतं. चढताना लोकरी किंवा सिंथेटिक घाला. तोच कापूस कोरड्या गादीत, दुलईत भरला की मात्र उबेचा राजा, कारण खरी ऊब त्याच्या तंतूंत अडकलेल्या हवेची असते. खादीप्रेमींनी रागावू नये. खादी रात्री, झोपताना घालावी.

या जिल्ह्यात हिवाळ्याची रात्र उघड्यावर कोण काढतं? ट्रेकर नव्हे, जागलीला गेलेला शेतकरी. तूर भरात, हरभरा घाट्यावर, गहू हिरवा, आणि रानडुकरं, रोही (नीलगायी) टपलेले. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर नांगरल्यासारखं करून ठेवतो. मग चार बल्ल्यांवर मचाण, त्यावर कडब्याचा थर, वर वाकळ, हाताशी टॉर्च आणि वाजवायला रिकामा डबा. नीट पाहिलं तर महागड्या दुकानातल्या कॅम्पिंगच्या सामानाची सगळी तत्त्वं इथे हजर आहेत. जमीन पाठीतून ऊब शोषून घेते, म्हणून अंग जमिनीपासून उचललेलं. कडब्याच्या पोकळीत हवा अडकते, म्हणजे स्लीपिंग मॅट झाली. मचाणावर साप-विंचवाचीही धास्ती कमी. शिवाय ओलिताची वीज रात्रीच्या पाळीत आली की पहाटेच्या थंडीत पाण्यात उभं राहून दार मोडायचं, ते वेगळंच. याला कुणी साहसी पर्यटन म्हणत नाही. माझ्या मते म्हणायला हरकत नाही. फक्त पावती फाडायला कुणी तयार होणार नाही.

पिकं राखण्याच्या या धडपडीची एक काळी बाजूही आहे. जिल्ह्यातल्या सर्वात लांब पल्ल्याच्या पदयात्रींपैकी एक होती ब्रह्मपुरी भागात पकडून, रेडिओ कॉलर लावून जुलै २०१७ मध्ये बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण. अडीच महिन्यांत ती पाचशे किलोमीटरच्या आसपास फिरली. शेतं, रस्ते, गावं, जिल्ह्यांच्या सीमा, सगळं ओलांडत. त्यात माणसंही दगावली, तिला ठार मारण्याचा आदेशही निघाला. पण ऑक्टोबरमध्ये ती मेली ती सिंदीविहिरी शिवारात, पिकाभोवतीच्या तारेत सोडलेल्या विजेच्या धक्क्याने. म्हणून अंधारात परक्या वावराच्या कुंपणाला हात लावू नये. वाघाइतकीच ही भीती खरी आहे.

बोर व्याघ्र प्रकल्प २०१४ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याचा आकार अवघा १३८ चौरस किलोमीटर होता, देशातला सर्वात लहान. एवढ्याशा जागेत वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे. साहजिकच तिथे पाठीवर तंबू घेऊन शिरता येत नाही. गाडी, गाईड आणि ठरलेल्या वेळा. रात्र काढायची तर बोर धरणाच्या आसपास, जंगलाच्या बाहेर. जंगलात रात्रभर मचाणावर बसायची अधिकृत संधी वन विभाग देतो, पाणवठ्यावरच्या प्राण्यांच्या नोंदीसाठी. पण ती बुद्धपौर्णिमेला, म्हणजे ऐन वैशाखात. थंडीत हौस आणि उन्हाळ्यात परवानगी!

जंगलाबाहेर बघण्यासारखा आहे तो दगड झालेला माल. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, आणि टेकडीवर गोल, सुपारी-जायफळासारखे खडे विखुरलेले. कथा अशी की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टर उडवली आणि त्यांच्या मालाचे, नारळांसकट, दगड झाले. भूगर्भशास्त्राची कथा जरा लांबची आहे: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि झिओलाइटसारखी खनिजं जमली. भोवतालचा काळा दगड झिजला आणि आतल्या गोळ्या मोकळ्या झाल्या. सॅकमध्ये भरून आणू नयेत. एक तर ती श्रद्धेची जागा, आणि दुसरं म्हणजे दगड वाहणारा ट्रेकर व्यापाऱ्यांच्याच पंगतीला बसतो.

ओझ्यावरून आठवलं. वर्ध्याच्या डोंगरपट्ट्यातला पांढराशुभ्र गवळाऊ बैल मराठ्यांच्या फौजांनी डोंगराळ मुलखात भराभर सामान पोचवण्यासाठी जोपासला, असं मानलं जातं. अंगाने हलका, दुडक्या चालीत पटाईत. कारंजाजवळच्या हेटीकुंडीला या जातीचं पैदास केंद्र आहे.

आणि माणसांतला गवळाऊ म्हणायचा तर विनोबा. ११ सप्टेंबर १९५१ ला वयाची छप्पन्न वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते पवनारहून दिल्लीला निघाले, चालत. योजना आयोगाशी बोलायला नेहरूंनी बोलावलं होतं. पोटाचं दुखणं जुनं, आहार दूध-दह्याचा, आणि रोजची चाल पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात सुरू. १३ नोव्हेंबरला दिल्ली. पुढे भूदानासाठी देशभर फिरून ते पवनारला परतले ते थेट १९६४ मध्ये. इतका लांबलेला ट्रेक दुसऱ्या कुणी वर्धेकराने केल्याचं ऐकिवात नाही.

चालून झाल्यावर रात्री आकाशही बघा, विदर्भाचा जावई आहे दक्षिणेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे बघा. मृगाखालचा झगझगीत व्याध सापडला की त्याच्याही बऱ्याच खाली एकटा, ठळक अगस्त्य. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची भरते; वर्ध्यातून अगस्त्य क्षितिजाच्या वर दीड मुठीहून थोडा जास्त चढतो. दिल्लीत तो एक मूठही चढत नाही, लंडनमध्ये उगवतच नाही. पुराणातल्या अगस्तींनी वाढत्या विंध्य पर्वताला वाकायला लावलं आणि ते दक्षिणेला निघून गेले. त्यांची पत्नी लोपामुद्रा ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे सासुरवाडीच्या आकाशात तो जरा उंच दिसणारच.

राहिला शिधा. दिवसा चालता चालता गोरसपाक. गाईच्या तुपातली ही वर्ध्याची खास बिस्किटं कोरडी, टिकाऊ आणि पोट धरणारी. रात्री, जंगलाबाहेर आणि शेतमालकाला विचारून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे: ना तवा, ना लाटणं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. किती न्यायचं, याबाबत सेलू तालुक्यातल्या केळझरचा दाखला मात्र घेऊ नका. ही जागा महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. बकासुरासाठी गाडाभर अन्न घेऊन भीम रानात गेला, आणि राक्षसाची वाट न बघता त्याने ते स्वतःच फस्त केलं.