सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही? जुन्या डिझेल पिकअपमध्ये आधी धूर बघा

थंडीच्या दिवसांत निफाड तालुक्यात पहाटे दिसणारं हे चित्र नवं नाही. रात्रीच कांदा भरून ठेवलेली जुनी पिकअप, लिलावाची वेळ जवळ आलेली, आणि चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. बोनेट उघडायच्या आधीच 'बॅटरी गेली' असा निकाल लागतो आणि चार पोरं भरल्या गाडीला धक्का मारायला लागतात.

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तो रडत रडत फिरत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं तर हवा पुरेशी तापतच नाही.

पहिली खूण सायलेन्सरची. गिअर न्यूट्रलला घेऊन, हँडब्रेक ओढून एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून धूर पाहावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिटभर थांबावं. नाहीतर सेल्फ जळतो आणि एका खर्चाचे दोन होतात. धूर अजिबातच नसेल तर डिझेल इंजिनात पोचतच नाही. पांढरट धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर ते पोचतंय, पण पेटत नाही.

धूर नसेल तर आधी टाकी बघावी. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो, काठी घालून खात्री करावी. ज्या गाडीला बंद करायला ओढायची स्टॉप केबल आहे, तिथे ती अडकून ओढलेलीच राहिली का, हे पंपाजवळच्या लिव्हरवर कळतं. चावीने बंद होणाऱ्या गाडीत पंपावर सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर त्याचा 'टक' आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज आणि वायर तपासावी.

हे सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा लाइनने हवा धरलेली असते. फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. गाडी चालू होते. इथेच खरी चूक होते, कारण काम झालं असं समजून गाडी मार्केटला जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

रात्रभर उभी राहिल्यावरच अडणारी आणि एकदा चालू झाली की दिवसभर बिनतक्रार पळणारी गाडी कुठूनतरी हवा ओढते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन डिझेल खेचून घेते. त्यामुळे पाइपला चीर असली तरी डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही. जमीन कोरडी दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. चिरेतून हवा आत शिरते आणि रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरतं. उंदराने कुरतडलेला रबरी पाइप, ढिली क्लिप, फिल्टरचं कडक झालेलं रबर, पुन्हा पुन्हा वापरलेला तांब्याचा वायसर, हेच नेहमीचे गुन्हेगार. फीड पंपाआधी थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फिल्टर उघडलाच आहे तर खालचा ड्रेनही सैल करून पाणी काढून टाकावं. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांकडे ते हमखास निघतं.

पांढरा धूर येत असेल तर इंजिनाला हीटर आहेत का ते बघावं. असतील तर त्यांचा करंट टेस्ट लॅम्पने तपासता येतो. हीटर ठीक असूनही तेच होत असेल तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. ते काम फिटरचं.

हवेच्या वाटेने पेट्रोल किंवा स्प्रे मारायचा उद्योग मात्र करू नये. हीटर तापलेले असताना तिथेच भडका उडतो, माणूस भाजतो.

वरचं सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांचं. कॉमन रेल गाडीत नोझलच्या पाइपाचा नट सैल करायला जाऊ नये. चालू इंजिनात तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

मेस्त्रीला फोन करताना 'गाडी चालू होईना' एवढंच न सांगता धूर होता का, टक आवाज आला का आणि हे रात्री उभी राहिल्यावरच होतं का, तेवढं सांगावं. म्हणजे तो येताना पाइप, क्लिपा आणि वायसर घेऊनच निघतो.