ड्रॉइटविचच्या वहीतली सही

निवृत्त होणाऱ्या साहेबाला शाल-श्रीफळ द्यायचं, चार भाषणं ऐकवायची आणि फोटो काढून मोकळं व्हायचं, ही आपली रीत. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांचा शेवटचा दिवस मात्र वेगळाच गेला. ३० जून १९३८ च्या रात्री ते ड्रॉइटविचच्या प्रक्षेपण केंद्रावर गेले, त्या रात्रीचं प्रक्षेपण त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं आणि अभ्यागतांच्या वहीत सही केली: ‘जे. सी. डब्ल्यू. रीथ, माजी बीबीसी’.

रीथ मूळचे इंजिनिअर. स्कॉटिश पाद्र्याचा मुलगा, उंची साडेसहा फूट, गालावर पहिल्या महायुद्धातल्या गोळीचा व्रण. १९२२ मध्ये जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला, तेव्हा ब्रॉडकास्टिंग म्हणजे काय हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे त्यांनीच ते सांगून टाकलं. बीबीसी तेव्हा रेडिओ बनवणाऱ्या कारखानदारांची खासगी कंपनी होती. संच खपायचे तर कार्यक्रम हवेत, एवढाच हिशेब. १ जानेवारी १९२७ ला राजसनद मिळून तिची सार्वजनिक संस्था झाली. जाहिराती नाहीत, पैसा श्रोत्यांच्या दहा शिलिंगांच्या वार्षिक परवान्यातून. (पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरलेली माणसं आपल्याकडेही अजून आहेत. त्या लायसनाचं मूळ हेच.)

या स्वायत्ततेची खरी कसोटी सनदेच्या आधीच लागली होती. मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात वर्तमानपत्रं जवळजवळ बंद पडली आणि बीबीसी सरकारने ताब्यात घ्यावी असा आग्रह चर्चिल यांनी धरला. रीथ यांनी ते होऊ दिलं नाही. पण कँटरबरीच्या आर्चबिशपांचं समेटाचं आवाहन आधी रोखून धरलं गेलं आणि मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनल्ड यांनाही मायक्रोफोन मिळाला नाही. आपण पूर्ण निःपक्षपाती राहणार नाही, एवढा भरवसा सरकारला आहे, असं रीथ यांनी डायरीत नोंदवलं आहे. संस्था वाचली, पण तिने किंमत मोजली, आणि ती मोजणाऱ्याला पुरती ठाऊक होती. त्यांच्या मोठेपणाची चर्चा मला इथूनच सुरू करावीशी वाटते.

बीबीसीचा हा साचा आपल्याकडे आला तो अर्धाच. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेही खासगी कंपनीचं. १९३० मध्ये ती बुडाली आणि प्रसारण सरकारकडे गेलं. १९३५ मध्ये बीबीसीतले लायोनेल फील्डन दिल्लीत नियंत्रक म्हणून आले, आणि पुढच्याच वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. लोकांना घडवण्याची भाषा आली, लायसन होतंच. सनद तेवढी आली नाही. आकाशवाणी सरकारी खातंच राहिली. प्रसार भारती कायदा झाला १९९० मध्ये, आणि तो अमलात यायला १९९७ उजाडलं.

रीथ पुढे इंपीरियल एअरवेजमध्ये गेले, युद्धकाळात काही काळ मंत्री झाले, पण कुठेच रुळले नाहीत. आपली पूर्ण ताकद कधी कुणी वापरलीच नाही, ही खंत त्यांनी १९६० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत जॉन फ्रीमन यांच्यासमोर बोलून दाखवली.

बीबीसीने त्यांचा खरा गौरव केला तो त्यांनी संस्था सोडल्यावर दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, ‘रीथ व्याख्यानमाला’ सुरू करून. पहिले वक्ते होते बर्ट्रांड रसेल, आणि विषय सत्ता आणि व्यक्ती. ज्या रीथ यांच्या कारकिर्दीत मुख्य अभियंता पीटर एकर्सली यांना घटस्फोटाच्या प्रकरणामुळे १९२९ मध्ये जावं लागलं, त्यांच्याच नावाच्या मालेचं उद्घाटन दोनदा घटस्फोट घेतलेल्या, देव न मानणाऱ्या तत्त्वज्ञाने केलं! निवड करणाऱ्यांना यातली गंमत कळली नसेल, असं मला वाटत नाही. रीथ यांनी ते व्याख्यान ऐकलं. रसेल फार भरभर बोलतात आणि त्यांचा आवाजही चांगला नाही, असा शेरा त्यांनी डायरीत मारला. रसेल यांना मात्र त्यांनी सभ्य शब्दांत चिठ्ठी पाठवली.