तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नसेल तर

‘वय झालं की बीपी येणारच’ हे साताऱ्यात ऐका नाहीतर सांगलीत, सारखंच. बहुतेकांच्या बीपीला बोट ठेवावं असं एक कारण नसतं, हे खरंच. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता. सरकारी दवाखान्यात बीपी मोजायचं आणि ठरलेल्या क्रमाने गोळ्या द्यायच्या, ही त्याची साधी पद्धत बहुतेकांना पुरते. पण लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन गोळ्या पुऱ्या मात्रेत, नेमाने घेऊनही आकडा १४०/९०च्या वरच राहिला, तर किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथींकडे पाहायला हवं.

या ग्रंथींनी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त बनवलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढतं. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा विकार मांडला आणि पुढे कित्येक वर्षं तो दुर्मीळच मानला गेला. प्रत्यक्षात बीपीच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना तो असतो; गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत साधारण पाचांत एकाला. ‘पोटॅशियम नॉर्मल आहे, म्हणजे हा आजार नाही’ असं काही डॉक्टरही म्हणतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत ते नॉर्मलच असतं.

तपासणी रक्ताची: अल्डोस्टेरॉन आणि त्याला चालना देणारं किडनीतलं रेनिन, दोन्ही एकदम; या आजारात पहिलं जास्त, दुसरं कमी दिसतं. सकाळी उठून दोनेक तास हिंडल्याफिरल्यावर, थोडं बसून नमुना द्यायचा. आपल्याकडे पथ्य म्हणून आधीच मीठ तोडतात. इथे तेच नडतं. मीठ घटलं की रेनिन वाढतं आणि आजार लपतो. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी सुमारे चार आठवडे थांबवावी लागते, पण डॉक्टरांना विचारूनच. गावातल्या लॅबवाल्यालाही एक सांगावं: नमुना बर्फात ठेवू नका, थंडीने रेनिन खोटंच वाढतं.

घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही सांगा. त्यानेही बीपी चढतं, मात्र रिपोर्टमध्ये अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही कमी दिसतात.

‘सगळी हार्मोन्स’ तपासणारं पॅकेज घेण्यात मात्र अर्थ नाही. मेटानेफ्रिन्स (ॲड्रेनलिनसारख्या हार्मोन्सचे अवशेष) बघायची ती अचानक डोकेदुखी, घाम, धडधड असेल तर.

आणि आजार निघालाच तर ऑपरेशन ठरलेलं नसतं. एकाच ग्रंथीत दोष असेल तर ती काढता येते, पण दोषी कोणती हे सीटी स्कॅनवरून दरवेळी कळत नाही. दोन्हीकडच्या शिरांतलं रक्त तपासावं लागतं. दोन्ही ग्रंथी बिघडल्या असतील तर स्पायरोनोलॅक्टोनची जुनी, स्वस्त गोळी चालते.