आपत्तीनंतर जाब कुणाला आणि कसा विचारायचा?

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि त्याखालच्या वस्तीतली माणसे वाहून गेली. धरणाला गळती लागल्याच्या तक्रारी आपण आधीच केल्या होत्या, असे गावकरी सांगत होते. तेव्हाचे जलसंधारणमंत्री म्हणाले, धरण खेकड्यांनी पोखरले. त्यावर राज्यभर विनोद झाले. पण तक्रार कधी आली आणि कोणत्या टेबलावर पडून राहिली, हे कागदावर आल्याशिवाय जाब मागता येत नाही. तो कागद मिळवण्याच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

१. जबाबदार कोण, ते ठरवा. ‘सरकार झोपले होते’ एवढे म्हणून कुणीच अडकत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये पदे नेमून दिली आहेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे, म्हणजे पूर्वतयारी आणि बचाव यांची आखणी करणाऱ्या मंडळाचे, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी दोघेही यात बांधलेले आहेत.

२. आराखडा मिळवा. याच कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असावा लागतो. धोक्याची गावे, बोटी, निवारा केंद्रे, कुणी काय करायचे, हे त्यात असते. आपल्या गावासाठी काय लिहिले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे शेजारी-शेजारी मांडा. आराखड्यात बोट आहे आणि पुरात ती आली नाही, तर आपला पहिला नेमका प्रश्न तयार झाला.

३. पंचनामा नीट करून घ्या. पंचनामा म्हणजे जागेवर केलेली नुकसानीची लेखी नोंद. सर्वाधिक गडबड इथेच होते. गर्दीत कोऱ्या कागदावर सही घेतली जाते, पडलेल्या घराची नोंद ‘अंशतः’ अशी होते, भाडेकरूचे नावच येत नाही. पिकासाठीच्या सरकारी मदतीला ३३ टक्के नुकसानीची अट असते, त्यामुळे ‘३०’ आणि ‘३५’ यांत मदत मिळणे-न मिळणे ठरते. वाचूनच सही करा, सहीनंतर कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि चिखल काढण्याआधी घराचे, शेताचे फोटोही काढून ठेवा.

४. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ‘साहेबांच्या कानावर घातले आहे’ याला पुरावा म्हणून किंमत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक (कार्यालयात कागद आल्याचा नोंदवहीतला क्रमांक) घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडलात, तर अर्ज एकट्याचा राहत नाही, गावाचा होतो.

५. माहितीचा अधिकार वापरा. या अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘मदत का आली नाही?’ असे विचारले, तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते. त्याऐवजी कागद मागा: ‘अमुक तारखांदरम्यान नियंत्रण कक्षात आमच्या गावातून आलेल्या फोनच्या नोंदवहीची प्रत द्यावी.’ उत्तर आले नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करा. बहुतेक जण नेमके इथेच कंटाळतात.

६. आमदारांना कागद द्या. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर देण्याचा) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्यांचे निवेदन मागणारी) यांतून विषय थेट मंत्र्यांपर्यंत जातो. सत्ताधारी आमदार टाळत असतील, तर विरोधी आमदारांना द्या. मंत्री ‘चौकशी करू’ म्हणाले, की ते आश्वासन ठरते. ते पाळले का, हे पाहणारी आश्वासन समिती विधिमंडळात असते. म्हणून कामकाजाची तारीख टिपून ठेवा.

७. चौकशी कसली, ते विचारा. चौकशी आयोग कायदा, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणासह, सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. साध्या शासकीय समितीला हे बंधन नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांची. अशा अहवालांचा पाठपुरावा कुणी केला नाही, तर शिफारशी कपाटात राहतात. शिफारशींची यादी घेऊन एकेकीचे पुढे काय झाले, हे विचारत राहावे लागते.

८. न्यायालय शेवटी. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या कारवाईविरुद्ध दाद उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातच मागता येते. कर्तव्य नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे, पण खटल्याला सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तरी न्यायालयाचा मार्ग अगदीच बंद नाही. करोनाबळींच्या कुटुंबांना मदतीचे निकष ठरवणे राष्ट्रीय प्राधिकरणाला बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये सांगितले आणि त्यातून ५० हजार रुपयांची मदत मिळाली.

मंत्र्यांना पद सोडायला लावणारे कलम मात्र या कायद्यात नाही. ते काम सभागृह आणि मतदार करतात. मतदाराची अडचण अशी, की निवडणूक येईपर्यंत पुराचा विषय मागे पडलेला असतो. आवक क्रमांक, नोंदवहीची प्रत, सभागृहातले आश्वासन हे सारे एका फाइलमध्ये असेल, तर उमेदवार दारात आल्यावर नेमके विचारता येते.

आणि पुढच्या पुराची वाट पाहू नका. दर उन्हाळ्यात पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठका होतात. तेव्हाच लेखी विचारा: आमच्या गावाची बोट कुठे आहे, ती चालू आहे का, चालवणाऱ्याचे नाव काय? त्याचे उत्तर मिळाले तर बोट वेळेवर येण्याची शक्यता वाढते. मिळाले नाही, तर पोच आपल्याकडे असतेच, आणि ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे मग कुणाला म्हणता येत नाही.