आधी ओटीए, मग करिअर? निर्णयाआधी दूर करायचे काही गैरसमज

पदवी झाली, दोन-तीन वर्षे नोकरी झाली आणि आता मार्ग बदलायचा आहे. कुणाला एमबीए करायचे असते, कुणाला स्वतःचा व्यवसाय उभारायचा असतो, कुणाचा डोळा स्पर्धा परीक्षांवर असतो. अशा वेळी घरात किंवा मित्रांत कुणीतरी हमखास सुचवते, ‘त्याआधी शॉर्ट सर्व्हिसमधून सैन्यात जाऊन ये. नेतृत्वाचे असे प्रशिक्षण बाहेर कुठेच मिळायचे नाही.’ सल्ला मनापासूनचा असतो. मात्र त्याच्या भोवती ऐकीव माहिती इतकी जमली आहे की, कुणी चुकीच्या कारणासाठी अर्ज भरतो, तर कुणी चुकीच्या कारणासाठी मागे सरतो.

गैरसमज १ : ओटीए म्हणजे वर्षभराचा नेतृत्वाचा कोर्स. तो करावा आणि आपल्या मार्गाला लागावे.

वस्तुस्थिती : चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतले (ओटीए) शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे असते, एवढे मात्र खरे. १९६२ च्या युद्धानंतर सैन्याला अधिकाऱ्यांची तातडीने गरज भासली आणि १९६३ मध्ये ही संस्था ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणून सुरू झाली. १९८८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. लष्कराला अधिकारी पुरवणे हे तिचे तेव्हाही काम होते आणि आजही आहे. पासिंग आउट परेड झाली की लेफ्टनंटचे कमिशन मिळते आणि १० वर्षांची सेवा सुरू होते. ती पुढे ४ वर्षांनी वाढवता येते. यशस्वी कॅडेटला मद्रास विद्यापीठाची संरक्षण व्यवस्थापन आणि सामरिक अभ्यास या विषयातली पदव्युत्तर पदविका मिळते, पण निव्वळ पदविकेसाठी तिथे कुणालाही प्रवेश मिळत नाही. वैयक्तिक कारणासाठी प्रशिक्षण अर्ध्यावर सोडले, तर त्यावरचा सरकारी खर्च भरून द्यावा लागतो.

म्हणून ४९ आठवडे झेपतील का, एवढ्यावर हा निर्णय होत नाही. ऐन पंचविशी ते पस्तिशीचा काळ वर्दीत घालवायला आवडेल का, हे आधी ठरवावे लागते. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी ही वाट आपली नव्हे.

गैरसमज २ : दणकट शरीर, फर्डे इंग्रजी आणि खणखणीत आवाज असला की निवड पक्की.

वस्तुस्थिती : ओटीएसाठी सीडीएसच्या (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) लेखी परीक्षेत इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे प्रत्येकी १०० गुणांचे दोनच पेपर असतात, गणित नसते. त्यानंतरची एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) मुलाखतही २०० गुणांची, म्हणजे निम्मे वजन तिचेच. ही निवड पाच दिवस चालते. मानसशास्त्रीय चाचण्यांत एकामागून एक ६० शब्द समोर येतात. प्रत्येक शब्द वाचून मनात आलेले वाक्य लिहायला १५ सेकंद मिळतात, त्यामुळे पाठ केलेली उत्तरे फार काळ पुरत नाहीत.

मैदानावरच्या सामूहिक कामात तर हे आणखी उघडे पडते. एक फळी, एक बल्ली, एक दोर आणि पलीकडे न्यायचे ओझे एवढ्या सामानावर गटाला अडथळे ओलांडायचे असतात. काही भागांना स्पर्श करायला बंदी असते. गटाचा प्रमुख कुणी नेमलेला नसतो. पहिल्याच मिनिटाला मोठ्याने सूचना देणारा उमेदवार बहुतेक गटांत सापडतो. त्याची युक्ती फसल्यावर तो दुसऱ्याची कल्पना मान्य करतो का, बल्ली धरायला स्वतः वाकतो का, मागे राहिलेल्याला हात देतो का, हे परीक्षक पाहत असतात. ज्याला दहा जणांसोबत काम करणे जमते आणि गरज पडली तर पुढाकारही घेता येतो, अशा उमेदवाराच्या शोधात ही सगळी यंत्रणा असते. शांत स्वभावाच्या मुला-मुलींनी ‘आपण अधिकारी वाटत नाही’ म्हणून अर्जच न करणे हे त्यांचे नुकसान आहेच, सैन्याचेही आहे.

गैरसमज ३ : एसएसबी पार पडली की नोकरीचा राजीनामा द्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : एसएसबीने शिफारस केल्यानंतर वैद्यकीय तपासणी होते आणि त्यानंतर गुणवत्ता यादी लागते. जागा मोजक्या असल्याने शिफारस मिळालेल्या आणि तपासणीत पात्र ठरलेल्या उमेदवाराचे नावही यादीत नसू शकते. सीडीएस वर्षातून दोनदा होते आणि ओटीएचे अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे एप्रिल व ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. लेखी परीक्षेपासून अकादमीच्या दारापर्यंत सुमारे एक वर्ष जाते. या काळात पगार चालू राहिलेला बरा. राजीनामा रुजू होण्याचे पत्र हातात आल्यावर द्यावा. मात्र दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असणाऱ्यांनी तो कमी करून मिळेल का, ही चौकशी आधीच करून ठेवावी.

प्रशिक्षणाच्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. कमिशननंतर मूळ वेतन तेवढेच असते, पण त्यात १५,५०० रुपयांचे सैनिकी सेवा वेतन आणि भत्ते मिळवले जातात.

इथेच एक गंभीर बाब कुटुंबाला सांगून ठेवायला हवी. प्रशिक्षणात असलेला कॅडेट अद्याप अधिकारी नसतो. गंभीर इजा होऊन वैद्यकीय कारणाने घरी परतावे लागलेल्या कॅडेटना कमिशन नसल्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरुणांच्या परिस्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर केंद्र सरकारने त्यांच्यासाठी माजी सैनिकांची आरोग्य योजना खुली केली. देशासाठी झटताना जायबंदी झालेल्या मुलांना याहून भक्कम आधार मिळायलाच हवा.

गैरसमज ४ : सैन्य म्हणजे बारावीनंतरची वाट. नोकरीला लागल्यावर उशीर झालेला असतो.

वस्तुस्थिती : सीडीएसमधून ओटीएसाठी वय साधारण १९ ते २५ वर्षे चालते. अभियंत्यांच्या तांत्रिक प्रवेशासाठी आणि कायद्याच्या पदवीधरांसाठीच्या जॅग या लष्करी विधी शाखेसाठी २७ पर्यंत संधी असते. नेमक्या जन्मतारखा प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात.

सेवेत वीरमरण आलेल्या जवान आणि अधिकाऱ्यांच्या पत्नींना वयात सवलत मिळते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आले. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक एसएसबीला सामोऱ्या गेल्या, ओटीएत दाखल झाल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. आपल्याहून पंधरा-पंधरा वर्षांनी लहान असलेल्या कॅडेटांसोबत त्यांनी ते प्रशिक्षण पुरे केले.

ज्यांना आपला व्यवसाय सोडायचा नाही, त्यांच्यासाठी १९४९ मध्ये सुरू झालेली प्रादेशिक सेना आहे. तिथे अधिकारी होण्यासाठी वयोमर्यादा १८ ते ४२ वर्षे आहे आणि उमेदवाराचे उत्पन्नाचे स्वतंत्र साधन असावे लागते. दरवर्षी ठरावीक काळ प्रशिक्षणाला जायचे आणि गरज पडली की सेवेत दाखल व्हायचे, अशी तिची रचना आहे. कोल्हापुरातली मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी बटालियन ही याच सेनेची. ‘अर्धवेळ सैन्य’ म्हणून तिला हलके समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, बोलावणे आले की तिचे जवान आणि अधिकारीही सीमेवर जातात.

गैरसमज ५ : शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारी म्हणजे दुय्यम अधिकारी.

वस्तुस्थिती : हुद्दा, पगार, जबाबदारी आणि धोका सगळ्यांना सारखाच. अशोकचक्राचे मानकरी मेजर मुकुंद वरदराजन २००६ मध्ये ओटीएतूनच बाहेर पडले होते. १० वर्षांनंतर स्थायी कमिशनसाठी निवड होण्याची संधी असते. फेब्रुवारी २०२० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही संधी लष्करातील महिलांनाही समान पातळीवर मिळाली.

गैरसमज ६ : बाहेर पडलो की पेन्शन सुरू आणि कंपन्या दारात उभ्या.

वस्तुस्थिती : अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी किमान २० वर्षांची सेवा लागते. १० किंवा १४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. पस्तिशीच्या आसपास नवी सुरुवात करावी लागते आणि तोवर बरोबरीचे मित्र आपापल्या क्षेत्रात बरेच पुढे गेलेले असतात.

मदत मात्र मिळते. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत सुमारे सहा महिन्यांचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत किमान ५ वर्षे सेवा करून रीतसर मुक्त झालेल्या अधिकाऱ्यांना वयात ५ वर्षांपर्यंत सवलत आहे.

एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण बहुतेकदा अर्धेच. ते खडकवासल्याच्या एनडीएतून सैन्यात गेले, १९७१ च्या युद्धात होते आणि सुमारे आठ वर्षांच्या सेवेनंतर बाहेर पडले. पुढे त्यांनी कर्नाटकात शेती केली, रेशीम उद्योग केला आणि हेलिकॉप्टर कंपनी काढली. एअर डेक्कनचे पहिले विमान उडाले ते २००३ मध्ये. सैन्य सोडणे आणि ते यश यांच्यामध्ये दोन दशकांहून अधिक काळ गेला होता.

हे सगळे पडताळूनही वर्दीची ओढ कायम असेल, तर महाराष्ट्रातल्या उमेदवारासाठी एक हक्काची सोय आहे. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासन एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेते, राहण्या-जेवणासह. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले, एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेले किंवा तांत्रिक प्रवेशातून एसएसबीचे बोलावणे आलेले उमेदवार तिथे पात्र ठरतात. त्यासाठीची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. तिथे जाताना आई-वडिलांना किंवा जोडीदाराला सोबत न्यावे आणि १० वर्षांची सेवा, बदल्या, पेन्शन, दुखापत हे सगळे प्रश्न त्यांच्यासमोरच विचारावेत.