घारापुरीची वीज, कांजूरची भरती

कांजूरमार्गच्या एका वाचकांनी विचारलं आहे: गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरी बेट गाठता येतं, मग तिथे वीज यायला फेब्रुवारी २०१८ का उजाडावा लागला? समुद्राखालून वीज नेणं इतकं अवघड असतं का?

उत्तराचा अर्धा भाग त्यांच्या घराजवळच आहे. स्टेशनच्या पूर्वेला, मिठागरांपलीकडे भरती चढते तेव्हा पाणी आधी खाजणं, तिवरं, लहानमोठे फाटे भरतं. आतल्या टोकाला ते उशिराच पोहोचतं. समुद्रातली केबलही तशीच. आत धातूची तार, मध्ये रोधक, बाहेर वेष्टण आणि खारं पाणी. म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीचं धारित्रच! आधी ते भरायचं, मग पलीकडे काही पोहोचायचं. आपल्या घरगुती विजेत ही भरती-ओहोटी सेकंदाला ५० वेळा होते.

केबल अशी धारित्रासारखी वागते, हे उलगडण्याचं श्रेय फॅरेडेला जातं. १८५४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने हे समजावून सांगितलं. पण गटापर्चाचं रोधक आवरण लावलेल्या, पाण्यात बुडवलेल्या मैलोन् मैल तारेत संदेश रेंगाळतात, हे त्याला दाखवणारा लॅटिमर क्लार्क हा तार-अभियंता कुणाला आठवत नाही. रोज तारांशी झटणाऱ्याला ते आधी दिसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता उरलेला अर्धा भाग. घारापुरीची केबल साडेसात किलोमीटरची, २२ हजार व्होल्टची. एवढ्याशा अंतरात ते धारित्र भरायला थोडेच अँपिअर लागतात. खरी अडचण साधारण पन्नास-शंभर किलोमीटरांपुढे येते आणि तिथे एकदिश प्रवाह वापरतात. म्हणून या केबलला तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणणं मला पटत नाही. खर्च सुमारे २५ कोटी, आणि ग्राहक म्हणजे शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन वस्त्यांतली मोजकी घरं. घोडं अडलं होतं ते इथे.

तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, त्याचं डिझेलही पाण्यावरूनच यायचं. एवढ्या विजेवर फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. बेटाची कमाई मासळीवर आणि लेणी बघायला येणाऱ्यांवर. खाणावळी, दुकानं सगळी त्यांच्यासाठी. सोमवारी लेणी बंद. रविवारी शेवटची लाँच सुटल्यावर उरलेली मासळी मंगळवारपर्यंत टिकवायची, तर रात्रभर वीज हवी.